घर बंद

मी नेमकं काय काम करते, हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. “तू डाक्टर शे का कम्प्युटरवाली?” असं मावशीने एका लग्नाच्या पंगतीत विचारलं. मी “दोन्ही नही” म्हणाले, तर तिने माझ्या आईकडे असं पाहिलं, की माझ्या शिक्षणाचा सगळा पैसा पाण्यात गेला. जळगावात संगणकशास्त्र शिकले, मग मुंबईत सार्वजनिक आरोग्य. आता या दोन शेतांच्या बांधावर उभी आहे. बांधावरच्या माणसाला दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागतात, हे खान्देशात वेगळं सांगायला नको.

आरोग्याच्या नोंदी कागदावरून मोबाईलवर चालल्यात. ते गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे बघायचं आणि लिहायचं, एवढंच माझं काम.

एका एप्रिलमध्ये अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या, तापीकाठच्या एका गावात मी आशाताईंच्या मागे मागे फिरत होते. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे येणाऱ्या आजींबद्दलचे काही तपशीलही मुद्दाम बदललेत. का, ते कळेलच. आशाताईंकडे ‘आभा’ काढायचं काम होतं. आभा म्हणजे १४ आकड्यांचा आरोग्य क्रमांक. आज या दवाखान्यात, उद्या त्या, तरी चिठ्ठ्या आणि रिपोर्ट एकाच क्रमांकाखाली सापडावेत, अशी ती कल्पना. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, आधी ६ केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून योजना देशभर लागू झाली. २०२५ मध्येच आकडा ७० कोटींच्या पुढे गेला होता. आशाताईंच्या यादीत मात्र प्रत्येक नावापुढे दोनच शक्यता होत्या, ‘झालं’ किंवा ‘बाकी’. ज्या गावात बाकी जास्त, त्या गावाचं नाव व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लाल रंगात यायचं.

आजींच्या ओट्यासमोर खाटेवर बिबडे वाळत घातले होते. दुपारचे दोन वाजलेले. आशाताईंनी आधार कार्ड मागितलं, आजींनी साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळं त्या एका पिशवीत. आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा होता.

“तो सुरतले ऱ्हास,” आजी म्हणाल्या.

“मग त्याला फोन लावते. ओटीपी येईल, तो सांगेल.”

“फोन लावू नको. बँकना सायेबनी सांगेल शे, ओटीपी कोणलेच सांगू नको.”

आशाताईंनी समजावलं, हे बँकेचं नाही, दवाखान्याचं आहे. आजींनी विचारलं, “पाच लाखवालं कार्ड शे का हाई?”

इथे मी श्वास रोखला. पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड २०१८ च्या योजनेचं, आणि ते निराळं. पण लोकांच्या मनात दोन्ही एकच आहेत, आणि आशाताई नुसतं “हो” म्हणाल्या असत्या तर काम दोन मिनिटांत उरकलं असतं. मी काही ठिकाणी ते उरकलेलं पाहिलंय. या ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नाही आजी, ते वेगळं.”

“मंग पाहसूत,” आजी म्हणाल्या.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ‘पाहसूत’ म्हणजे ‘पाहू’. पण त्याचा खरा अर्थ ‘नाही’. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. मुलगी पसंत नसली तरी पाहसूत, उसने पैसे द्यायचे नसले तरी पाहसूत. ऐकणाराही ते ओळखतो, चहा पितो आणि उठतो. आशाताईंनी ते बरोबर ओळखलं. त्या पुढच्या घराकडे गेल्या. मी माझा फॉर्म भरायला मागे राहिले.

चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी कोणाची, माहेर कुठलं, लग्न का झालं नाही, हे सगळं विचारून झाल्यावर आजींनी आवाज खाली आणला आणि खरं कारण सांगितलं. त्यांना एक दुखणं आहे. ते त्यांनी मुलाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो काम सोडून येईल, कर्ज काढेल, सूनबाई चार गोष्टी बोलेल. त्या गुपचूप तालुक्याला जाऊन औषध आणतात. नंबर मुलाचा, म्हणजे मेसेज मुलाकडे जाणार. “मी दवाखानामा गऊ का त्याले समजी,” त्या म्हणाल्या. मी दवाखान्यात गेले की त्याला कळेल.

दुखणं कोणतं, ते मी इथेही लिहिणार नाही.

सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये खान्देशातली किती कुटुंबं राहतात, हे भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये एकदा बसलं तरी कळतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची सिमकार्डं, म्हणजे त्यांच्या आधारचा दरवाजा, तिकडे आहे. आम्ही माहितीच्या सुरक्षेवर सादरीकरणं करतो तेव्हा पडद्यावर काळ्या टोपीतला हॅकर असतो. आजींना हॅकरची भीती नव्हती. त्यांची माहिती कोणत्या वाटेने जाणार आणि कोणाच्या खिशात वाजणार, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात स्पष्ट होता. तसा नकाशा मी पदव्युत्तर वर्गात फळ्यावर काढला होता. त्यात मुलगा नव्हता.

मग मी आल्यापासून उघडा ठेवलेल्या फॉर्मकडे वळले. तो मीच बनवला होता, म्हणून दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ‘आभा का झालं नाही?’ या प्रश्नाला पर्याय होते: मोबाईल नाही, आधार नाही, ठसा लागत नाही, स्थलांतर, घर बंद, इतर. ‘नको म्हणाल्या’ हा पर्यायच नव्हता. तो बनवताना तीन माणसं तीन दिवस बसली होती. ठसा लागत नाही, हे मात्र आम्हाला आठवलं होतं, कारण रावेर-यावलकडे केळीच्या चिकाने आणि कापूस वेचून बोटं अशी होतात की यंत्राला रेघा दिसत नाहीत. बोटांची अडचण आम्हाला सुचली. माणसाची मर्जी नाही सुचली.

‘इतर’ निवडलं की कारण लिहावं लागायचं, आणि ते कारण आमच्या गटातल्या सगळ्यांना दिसायचं. आजींनी तर कोणाला सांगू नको म्हटलेलं. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या कपाचा तळ बघत, मी ‘घर बंद’वर बोट ठेवलं.

एप्रिलात दुपारी दोनला खान्देशात घर बंद असतं ते उन्हासाठी. आत सगळी माणसं असतात. हे मला ठाऊक होतं.

आता एवढं वाचून कोणी म्हणेल, बघा, कागदच बरा. मला तसं अजिबात म्हणायचं नाही. मी या कामात आले तेच प्लास्टिकच्या पिशव्यांना वैतागून. माझ्या काकांना धुळ्याहून नाशिकला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी धुळ्याचे रिपोर्ट बाजूला सारले आणि सगळ्या तपासण्या नव्याने लिहून दिल्या. पैसे गेले ते गेलेच, दोन दिवसही गेले. आणि नंदुरबारकडे एका उपकेंद्रात भेटलेली ती बाई, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी. तिची सिकलसेलची तपासणी तीनदा झाली होती. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापाकडून येतो. एकदा तपासलं की तो निकाल जन्मभर तोच. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे तो एक कागद तिच्यासाठी साताबाऱ्याएवढा महत्त्वाचा. पण एकदा कागद पावसात भिजला, एकदा बार्डोलीकडच्या पालात राहिला, आणि तिसऱ्यांदा सिस्टरने पुन्हा सुई टोचली. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं ठरलं. तपासणी ही सुरुवात आहे. निकाल जर राज्याची सीमा ओलांडून त्या बाईबरोबर जाणार नसेल, तर सुईच्या खुणांशिवाय तिच्या हाती काही राहत नाही. तिला आभा हवंय. तिने मला तसं स्वच्छ सांगितलं.

म्हणून माझं भांडण क्रमांकाशी नाही.

क्रमांकाच्या बाबतीत तर खान्देश सगळ्यांच्या आधी होता. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. मी तेव्हा शाळेत होते. बाईंनी वर्गात सांगितलं, की आता प्रत्येक माणूस वेगळा ओळखता येईल.

प्रत्यक्षात आधारवर आमच्या गावातले अर्धे लोक दोनच दिवशी जन्मले. जे शाळेत गेले ते १ जूनला, कारण नाव घालताना गुरुजींनी वयाचा हिशेब जमवून ती तारीख टाकली. जे शाळेत गेलेच नाहीत ते १ जानेवारीला, कारण यंत्रात फक्त साल होतं आणि बाकीचं यंत्राने स्वतःच भरलं. माझी आजी १ जानेवारीवाली. आजोबा दुसरीपर्यंत गेले, म्हणून १ जूनवाले. एवढ्या शिक्षणावर त्यांचा वाढदिवस पावसाळ्याच्या तोंडाशी आला.

हे हसण्यासारखं आहे, पण मी पोटापाण्यासाठी यावरच काम करते. दवाखान्यातली जुनी नोंद आणि आभा जुळवताना यंत्र बघतं नाव, लिंग, जन्मसाल आणि मोबाईल नंबर. आता सातपुड्यातला एखादा पाडा घ्या, जिथे घराघरात वसावे किंवा पाडवी. वळवी हे आडनाव इंग्रजीत एकाने ‘व्ही’ने लिहिलं, दुसऱ्याने ‘डब्ल्यू’ने. आमच्या खालच्या पट्टीत चौधरी घ्या, ते तर चार तऱ्हांनी लिहितात. नावं तीच, साल अंदाजाचं, आणि मोबाईल घरात एकच. अशा वेळी यंत्र ज्या आत्मविश्वासाने दोन माणसांना एक करतं, तो पाहून भीती वाटते. एका वहिनीचा रक्तगट दुसरीच्या नावावर जाऊ शकतो. ही चूक मी चाचणीच्या माहितीत पाहिली, खऱ्या रुग्णात नाही, आणि ती तिथेच राहावी म्हणून रात्र रात्र जागते. यात डॉक्टरकी किती आणि कम्प्युटर किती, ते मावशीने ठरवावं.

मे महिन्यात मी शहरात परतले आणि माहिती साफ करायला बसले. आमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक फॉर्म उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. सर्वेक्षक झाडाखाली बसून फॉर्म भरत नाहीत ना, हे तपासायला ती सोय असते. कमी वेळात भरलेले फॉर्म शोधायचे, एवढंच काम होतं. कंटाळा आला म्हणून उलटं लावून बघितलं, सगळ्यांत जास्त वेळ कोणाला लागला ते.

‘घर बंद’, वेळ २४ मिनिटं. हा माझाच.

खाली आणखी होते. ‘घर बंद’, १७ मिनिटं. ‘घर बंद’, ३१ मिनिटं. वेगवेगळी गावं, वेगवेगळे सर्वेक्षक. बंद दारासमोर अर्धा तास कोण उभं राहतं? त्यातल्या एका मुलाला मी फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, त्यांना नको होतं. पण तसं लिहायला जागा नव्हती. आणि त्यांनी जेवू घातलं होतं, खोटं तरी काय लिहू?” त्याच्या मते ‘मोबाईल नाही’ हे खोटं होतं. ‘घर बंद’ हे मात्र त्याला सभ्य वाटलं.

मी टीमच्या बैठकीत म्हटलं, ‘नको म्हणाले’ हा पर्याय घालू या. एक वरिष्ठ शांतपणे म्हणाले, “नकार ही तात्पुरती अवस्था असते. समजावलं की लोक तयार होतात. ते ‘बाकी’तच येतं.” माणूस वाईट नाही. त्यांनी या विषयात माझ्या वयाएवढी वर्षं घातलीत. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे मुलीने लग्नाला नाही म्हटलं तरी हेच म्हणतात.

आणि कायदा? त्यात आजींची बाजू पक्की आहे, निदान वाचायला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. डिसेंबर २०२० च्या आरोग्य-माहितीच्या धोरणात लिहिलंय, की संमती मोकळेपणाने, समजून दिलेली हवी आणि ती मागे घेता आली पाहिजे. आभा ऐच्छिक आहे. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा तर म्हणतो, की संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. तसं करून पाहायचं म्हणून मी माझंच आभा काढून टाकायला गेले. स्क्रीनने ओटीपी मागितला. ‘नको’ म्हणायलाही ओटीपी. आजींच्या बाबतीत तो सुरतेत वाजला असता.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. २२ भाषा. चांगली तरतूद आहे, मनापासून सांगते. पण त्या २२ मध्ये अहिराणी नाही, भिली नाही, पावरी नाही. म्हणजे टेंभलीपासून धडगावपर्यंत ज्या भाषांत लोक ‘दुखतंय’ म्हणतात, त्या भाषांत त्यांना विचारायची सक्ती कोणावर नाही. मराठीत विचारलं की झालं. आता ‘आपली माहिती प्रक्रिया करण्यास मी संमती देत आहे’ हे वाक्य मलाच दोनदा वाचावं लागतं, आजींची काय कथा. ‘माले चालस’ आणि ‘पाहसूत’ यांच्यातला फरक ज्याला कळतो, त्यानेच संमती घ्यावी, असं मी अहवालात लिहिलं होतं. भाषा फार घरगुती झाली म्हणून ते वाक्य गळलं.

‘हो’ म्हणायला मात्र सगळीकडे जागा आहे. ‘हो’ला भावही आहे. १ जानेवारी २०२३ पासून दवाखान्यांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना डिजिटल नोंदी जोडण्याबद्दल प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना लागू झाली, ४ कोटींपर्यंत. त्यामागचा हेतू कळतो, पैशाशिवाय कोण संगणक घेतो? त्याआधी कोरोनाच्या लसीच्या वेळी तर विचारायचीही गरज पडली नाही. आधार दाखवून लस घेतलेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर आरोग्य क्रमांक छापून आला. माझ्या वडिलांच्याही. ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय. क्रमांक कशाचा, असं विचारलं तर म्हणतात, “लसचा असेल.”

पुढच्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी पुन्हा त्या गावात गेले. आशाताईंनीच सुचवलं होतं. मार्चअखेर म्हणून वरून घाई होते, पण मार्चमध्ये गावात फोन नसतात. अखाजीला माहेरवाशिणी येतात, सुरतेची मुलं येतात, आणि त्यांच्याबरोबर गावाचे सगळे मोबाईल नंबरही गावात येतात. कुठल्या कृती आराखड्यात हे नाही. झोके बांधले होते, घराघरातून पुरणाचा वास येत होता, आणि मुलगे निंबाखाली पत्ते कुटत बसले होते. अखाजीला पत्ते उघड्यावर चालतात, त्या दिवशी कोणी काही म्हणत नाही.

आजी चुलीशी होत्या. आम्हाला आमरस-पोळीला बसवलं. जेवताना त्यांनी विचारलं, “मागला सालले तुनी मना नावपुढे काय लिखं व्हतं?”

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. नाही जमलं. “घर बंद, असं लिहिलं.”

त्या हसू लागल्या. पदराने डोळे पुसले. “घर बंद? मंग तुले च्या कोणी पाजा?”

आशाताईंनाही हसू आवरलं नाही. पण त्यांची यादी तशीच होती. त्यांनी निंबाखाली निरोप धाडला, आजींच्या मुलाने डाव न सोडता “करी टाका” म्हटलं. ओटीपी त्याच्या मोबाईलवर वाजला. पाच-सात वर्षांचा नातू धावत आला. बापाने पेनने त्याच्या तळहातावर सहा आकडे लिहून दिले होते. घामाने शेवटचे दोन पसरले होते, पण वाचता येत होते.

आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आजींकडे.

आजींनी पोराचा हात धरला, त्याची मूठ मिटवली, मुठीत गुळाचा खडा कोंबला. “जाय, खेयाले जाय.” मग आमच्याकडे वळून, पोळीवर तूप वाढत म्हणाल्या, “अखाजी व्हई जाऊ द्या. मंग पाहसूत.”

गल्लीत आल्यावर आशाताईंनी मोबाईल काढला. आजींच्या नावापर्यंत बोट नेलं. थोडा वेळ तसंच धरलं, मग स्क्रीन बंद केली आणि पुढच्या घराची कडी वाजवली.